भुयारातली सरळ रेघ

झोपेचा अभ्यास करणाऱ्या बाईलाच झोप मिळत नाही, हे ऐकलं की लोक खो खो हसतात. हसू देत बापडे. पेंगूलाही आधी हसू यायचं, पुढे पुढे हसायचंही त्राण उरलं नाही. घरात पाच महिन्यांची लेक, विद्यापीठात अर्धा लिहून पडलेला प्रबंध आणि या दोन्हींच्या मधे तिची फरफट. एकदा तर अपुऱ्या झोपेनं मेंदूचं काय होतं या विषयावर व्याख्यान चालू होतं, आणि ही बया पहिल्या रांगेत बसून चक्क घोरली. त्या दिवसापासून तिचं खरं नाव विभागात कुणी घेतलं म्हणून नाही. पेंगू म्हणजे पेंगू. तिनंही ते निमूट पदरात घेतलं, कारण नाव ठेवणाऱ्यांशी भांडायचं तर त्यालाही जागं राहावं लागतं.

तर ही मंडळी शिकत काय होती, ते आधी सांगायला हवं. माणसाच्या अंगातच एक घड्याळ असतं. झोप कधी आणायची, भूक कधी लावायची, हे ते आपलं आपण ठरवत असतं. पण सकाळचा उजेड, शाळेची घंटा, ऑफिसची बस, शेजारणीचा मिक्सर असं सगळं जग रोज त्याचे काटे पिळत बसतं, मग त्याची स्वतःची चाल दिसणार कुठून? ती बघायची तर माणसाला जगापासून तोडायला हवं. त्यासाठी विभागाच्या तळघरात एक खोली होती. बिनखिडकीची, बिनघड्याळाची. तिला एकामागे एक अशी दोन दारं होती आणि पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडत नसे, म्हणजे बाहेरच्या उजेडाची तिरीपसुद्धा आत जायला नको. आत पलंग, टेबल, आरामखुर्ची, पुस्तकांचं कपाट, दिव्याचं बटण आणि एक घंटा. या खोलीला सगळे भुयार म्हणायचे, आणि आपणहोऊन तिथे राहायला येणाऱ्या माणसाला पाहुणा.

पाहुण्यानं तिथे दहा-बारा दिवस राहायचं. भूक लागली की घंटा वाजवायची, झोप आली की दिवा मालवायचा, जाग आली की लावायचा. बाहेर कागदावर त्याच्या झोपेच्या काळ्या पट्ट्या एकीखाली एक मांडत जायच्या. बहुतेकांचं अंगातलं घड्याळ जरा रेंगाळतच चालतं, त्यामुळे माणूस रोज आदल्या दिवसापेक्षा थोडा उशिरा झोपतो आणि त्या पट्ट्या जिन्यासारख्या एकेक पायरी बाजूला सरकत जातात. तो जिना किती तिरपा आहे, यावरून त्या माणसाची चाल कळते.

पाहुण्याला वेळेचा वाससुद्धा लागता कामा नये, हा भुयाराचा कडक नियम होता. आत जाणाऱ्या विद्यार्थ्यानं काल, आज, उद्या, सकाळ, संध्याकाळ, लवकर, उशीर यातला एकही शब्द उच्चारायचा नाही. करून बघा म्हणजे कळेल. आपल्या भाषेत दोन वाक्यं बोला आणि त्यात वेळ आली नाही तर सांगा. लंबू नावाचा एक उंचाडा विद्यार्थी होता, तो एकदा जेवणाचं ताट ठेवताना नुसतं "अजून गरम आहे" म्हणाला तर त्या "अजून"वरून त्याची झाडाझडती झाली होती. बिचाऱ्याला दर वेळी आत जायच्या आधी दाढीही करावी लागे, कारण खुंटं बघून पाहुणा हिशेब लावेल. जांभई द्यायला बंदी होती. घरच्या गोष्टी काढायला बंदी होती. आणि कोण कधी ड्युटीवर येणार, हे संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचा. त्याला ना शेंडा ना बुडखा, आणि तो तसाच असायला हवा, नाहीतर पाहुणा माणसांवरूनच वेळ ओळखणार.

हे सगळं ज्यांच्या धाकानं चालायचं त्या विभागाच्या मॅडम. त्यांना मागून सगळे गजर म्हणायचे, कारण त्या एकदा वाजल्या की कुणाची बिशाद नव्हती पडून राहायची.

पेंगूचा प्रबंध एका पाहुण्यावर अडून राहिला होता. बाळंतपणासाठी घेतलेली मुदत एकदा वाढवून झाली होती. दुसऱ्यांदा वाढवून मिळेल याची खात्री खुद्द गजर मॅडमही देत नव्हत्या. शेवटचा एक पाहुणा नीट पार पडला की लिहायचं आणि सुटायचं, नाहीतर चार वर्षांच्या मेहनतीवर पाणी. घरी मात्र ढब्बूला या मुदतीचं काडीचं कौतुक नव्हतं. ढब्बू म्हणजे लेक. गालांवरून बापानं ठेवलेलं नाव. ती बाटलीला तोंड लावायची नाही. सासूबाईंनी वाटी-चमचा करून पाहिला, नवऱ्यानं पंपानं काढलेलं दूध गाणी म्हणत पाजून पाहिलं, पण पोरगी ओठ असे काही मिटायची की लंबूच्या भाषेत सांगायचं तर पक्कड आणावी लागली असती. तिला आई हवी, आणि तीही वेळच्या वेळी.

मग जे व्हायचं तेच झालं. पेंगूनं लंबूला गाठलं आणि संगणकानं दिलेल्या ड्युट्या अदलाबदल करून मागितल्या. लंबू मऊ मनाचा. त्यानं आपल्या दिल्या, आणखी दोघांशी बोलून त्यांच्याही दिल्या. कागदावर सगळं संगणकानं ठरवल्यासारखंच राहिलं. कुणाचं काय बिघडतंय, असं सगळ्यांनाच वाटलं. पेंगू रोज एकाच ठरलेल्या वेळी लेकीला पोटभर पाजून यायची आणि पुढची भूक लागायच्या सुमाराला परत जायची. घर रस्त्याच्या पलीकडेच होतं. एकच अडचण होती. पाहुणा जागा असेपर्यंत त्याच्या चाचण्या चालू, आणि तोवर ड्युटीवरच्या माणसानं जागा सोडायची नाही. पाहुण्यानं दिवा मालवला की मगच सुटका.

शेवटची पाहुणी म्हणून आल्या काकू. साठी उलटलेल्या, ठेंगण्या, हसताना तोंडावर हात धरणाऱ्या. भुयारात जायच्या आधी प्रत्येकाला विचारतात, का यावंसं वाटलं म्हणून. कुणी कुतूहल म्हणतं, कुणी शांतपणे पुस्तकं वाचायला मिळतील म्हणतं. काकूंनी सरळ सगळं आयुष्यच सांगायला घेतलं. नवरा कारखान्यात तिन्ही पाळ्यांत कामाला, म्हणजे दर आठवड्याला घराची रात्र वेगळ्या ठिकाणी. दोन मुलगे, त्यांच्या सकाळच्या शाळा. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, त्यांची औषधं. आणि या सगळ्याच्या फटीफटीतून शाळेचे गणवेश शिवायचे. आता सासूबाई नाहीत, दोन वर्षांपूर्वी नवराही गेला, मुलगे आपापल्या गावी. तरी पहाटे अंधारात जाग येते. उठून करायचं काय, म्हणून त्या ओटा पुसत बसतात. ओटा पुसलेलाच असतो.

"आता माझ्याकडून कुणालाच काही नकोय," काकू म्हणाल्या. "तर म्हटलं, माझी स्वतःची वेळ कुठली असते, ते मरायच्या आधी एकदा बघून घ्यावं."

गजर मॅडमनी चष्मा पुसला आणि सांगितलं की शेवटी तुमचा कागद तुमच्या हातात मिळेल, तोच तुमचा. काकू एकदम खूश झाल्या.

पहिले दोन दिवस सुतासारखे सरळ गेले. काकू गुणी पाहुण्या होत्या. पडद्यावर ठिपका दिसला की बटण दाबायचं, ही कंटाळवाणी चाचणी त्या मन लावून करायच्या, लाळ तपासायला जिभेखाली कापूस धरायच्या, डोक्याला तारा लावताना मान हलवायच्या नाहीत. पेंगू आत यायची, ठरलेलं तेवढंच बोलायची, खुर्चीत बसायची. आणि बसता बसता तिचं व्हायचं ते व्हायचंच. दूध काही कुणाचे नियम वाचून येत नाही. छाती दगडासारखी घट्ट व्हायची, आत कापडाच्या घड्या ठेवलेल्या असायच्या तरी सदऱ्यावर ओल उमटायची, मग ती फाईल उचलून छातीशी धरायची आणि पडद्यावरचे ठिपके मोजल्याचं सोंग आणायची. काकू बघायच्या, पण बोलायच्या नाहीत. घरच्या गोष्टी बोलायच्या नाहीत हे त्यांनाही सांगितलेलं होतंच.

पण नशीब म्हणा किंवा काय, नेमकं असं व्हायला लागलं की काकू आळस द्यायच्या, "मी पडते बाई आता," म्हणायच्या, आणि दिवा मालवायच्या. पेंगू मनातल्या मनात त्यांचे पाय धरायची. दोन दारं, जिना, रस्ता ओलांडून घर. दारातच ढब्बूचा टाहो ऐकू यायचा आणि सासूबाई तिला पेंगूच्या हातात अशी द्यायच्या की जणू रिले शर्यतीतली काठी.

आठवडा झाला आणि कागदावर सगळ्यांचे डोळे लागले. काकूंच्या पट्ट्या सरकतच नव्हत्या. एकीखाली एक, एकीखाली एक, फूटपट्टी लावून काढल्यासारखी सरळ रेघ. बाहेरच्या जगाशी काडीचा संबंध नसताना या बाईचं अंगातलं घड्याळ जगाच्या घड्याळाबरोबर तंतोतंत चाललं होतं. लंबू कागद उलटासुलटा करून बघायचा. गजर मॅडमनी तो भिंतीवर लावला आणि त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. असं माणूस आपल्याला पहिल्यांदाच भेटलंय, त्या म्हणाल्या, आणि हसल्या. त्यांना हसताना विभागात कुणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे दोघे-तिघे घाबरलेच. मोठ्या परिषदेत ही रेघ दाखवायची, असं त्यांनी त्याच दिवशी कळवून टाकलं. प्रबंधातलं ते सगळ्यात भारी प्रकरण होणार होतं. पेंगू त्या दिवशी लेकीला पाजता पाजता गुणगुणत होती.

काकूंचा मुक्काम संपला तेव्हा त्यांना बाहेर काढायचं काम पेंगूकडेच आलं. दारं उघडायच्या आधी पाहुण्याला एक प्रश्न विचारायची रीत होती, बाहेर किती वाजले असतील म्हणून. सगळे सपशेल चुकायचे. मागे एक पाहुणा जवळजवळ अर्ध्या दिवसानं चुकला होता आणि तुम्हीच घड्याळं फिरवलीत म्हणून भांडत बसला होता. पेंगूनं कागद पुढे ओढला आणि विचारलं.

काकू तोंडावर हात धरून हसल्या. "वाजले किती ते मला काय ठाऊक? पण तुझ्या बाळाची प्यायची वेळ झालीय. तू जाऊन ये आधी, मी कुठे पळून जात नाही."

पेंगूच्या हातातलं पेन थांबलं. आपल्याला बाळ आहे हे आपण यांना कधी सांगितलं, हे ती आठवू लागली. सांगितलंच नव्हतं.

"अगं पोरी, दोन पोरं पाजलीत मी," काकू म्हणाल्या. "तू यायचीस तेव्हा बरी असायचीस. मग हळूहळू फाईल छातीशी जायची. मग डोळे दाराकडे. मी जागी आहे तोवर तुला कुणी सोडत नाही हे दिसत होतं मला. मग काय करणार, मालवायचा दिवा."

"आणि झोप?" पेंगूनं कसंबसं विचारलं.

"झोप काय, येते पडल्या पडल्या. आणि नाही आली तर पडून राहायचं. सवय आहे गं."

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, जणू चहात साखर घातली असंच सांगत होत्या. आपण कुणाचं तरी भलं केलं या समाधानानं त्यांचा चेहरा फुलला होता. पेंगूला आपलं सगळ्यात भारी प्रकरण बुडताना दिसलं, आणि त्याच वेळी त्या बाईच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. तिनं काकूंना बाहेर आणलं, उजेडाची सवय होईपर्यंत हात धरून बसली, टॅक्सीत बसवलं.

मग ती परत तळघरात गेली आणि डोक्याच्या तारांनी टिपलेलं सगळं उघडून बसली. पट्ट्या दिवा मालवल्यापासूनच्या होत्या. खरी झोप कधी लागली हे तारा सांगत होत्या, पण सरळ रेघेच्या आनंदात तिकडे कुणी लक्षच दिलं नव्हतं. पहिल्या दिवशी काकू दिवा मालवल्यावर लगेच झोपल्या होत्या. दुसऱ्या दिवशी जरा वेळानं. पुढे रोज जास्त, आणखी जास्त. शेवटी शेवटी तर बाई अंधारात ताटकळत पडून होती. त्यांचं स्वतःचं घड्याळ आत जिना उतरत होतं, आणि त्या मात्र एका अनोळखी पोरीच्या ओल्या सदऱ्याकडे बघून दिवा मालवत होत्या. जाग यायची तीही जुन्या सवयीच्या धसक्यानं. जगात कुणालाच आपल्याकडून काही नको असेल अशी एकच जागा त्यांनी शोधून काढली होती, आणि तिथेही पहिल्या दोन दिवसांत त्यांनी कुणाची तरी भूक हुडकलीच.

घरी येऊन पेंगूनं लेकीला घेतलं आणि सगळं सांगितलं. नवरा काचा घासून चष्मे बनवणारा, हिशेबी माणूस. तो ऐकून घेत राहिला आणि मग हळूच म्हणाला की हे तुझ्या आणि काकूंच्या मधेच आहे, तिसऱ्याला कळायचं कारण नाही, आणि दुसरी मुदत काही मिळणार नाही. तो वाईट बोलत नव्हता. गेले पाच महिने बायकोचे हाल त्यानं बघितले होते. पेंगूच्याही मनात तेच चाललं होतं, खोटं कशाला बोला. लिहून टाकावं, सुटावं, आणि मग दोन दिवस सलग झोपावं.

सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "तो कागद त्या बाईंना देणार ना तुम्ही? त्यांची वेळ म्हणून?"

पेंगू हो म्हणाली.

"मग देताना काय सांगशील?"

एवढंच. दुपटी उचलून त्या आत गेल्या. ढब्बू पिता पिता झोपली होती.

दुसऱ्या दिवशी ती गजर मॅडमच्या खोलीत गेली आणि बसायच्या आधीच बोलायला लागली, कारण बसली असती तर धीर गेला असता. ड्युट्या बदलून घेतल्याचं सांगितलं. लंबूनं मदत केली पण मागितली मीच, हेही सांगितलं. फाईलीचं, ओल्या सदऱ्याचं, मालवलेल्या दिव्याचं सगळं सांगितलं. तारांचे कागद टेबलावर ठेवले. मॅडमनी ते एकेक करून पाहिले.

"म्हणजे ही सरळ रेघ त्यांची नाही," शेवटी त्या म्हणाल्या.

"नाही मॅडम."

"तुमच्या मुलीची आहे."

पेंगूला वाटलं आता वाजणार. मॅडम उठल्या, भिंतीवरचा कागद काढला, नीट घडी घातली आणि खणात टाकला. मग मात्र वाजल्या, आणि अशा वाजल्या की बाहेर लंबूनं कानात बोटं घातली. ड्युट्यांशी खेळ करायचा अधिकार कुणी दिला, अडचण होती तर तोंड नव्हतं का, मी काय माणूस नाही का, असं बरंच काही. परिषदेला त्यांनी त्याच दुपारी नकार कळवला. त्यात त्यांचंही नाक कापलं गेलं, पण त्याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. पेंगू खोलीतून निघाली तेव्हा एवढंच म्हणाल्या होत्या की तारांकडे मीही बघायला हवं होतं, रेघ इतकी सुंदर होती की मीच भुलले. आणि मुदतीसाठी अर्ज करा, खाली माझी सही घ्या.

मुदत मिळाली. रडतखडत, तीन समित्यांच्या पायऱ्या झिजवून, एका सत्राची मिळाली.

पण त्याआधी पेंगूला काकूंकडे जायचं होतं, आणि ते मॅडमसमोर उभं राहण्यापेक्षा अवघड होतं. काकूंचं घर दोन खोल्यांचं. शिवणयंत्रावर कापड झाकलेलं, ओटा लख्ख. काकूंनी चहा केला, बिस्किटं काढली, ढब्बूसाठी शिवलेलं एक इवलंसं झबलं पुढे ठेवलं, आणि हात पुसून कागदाची वाट बघत बसल्या. पेंगूनं सांगितलं की कागद आहे, पण तो तुमचा नाही. का नाही, तेही सांगितलं, जमेल तितक्या सोप्या शब्दांत. काकू ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे मी तुझं वाटोळं केलं की गं," त्या म्हणाल्या.

पेंगू म्हणाली, तसं काही नाही, चूक माझीच. पण काकूंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या झबल्याच्या बाह्या सरळ करत होत्या.

"आणि माझी वेळ कळलीच नाही."

"नाही काकू."

पेंगूला तिथे बसवेना आणि उठवेना. शेवटी काकूंनी झबलं घडी करून तिच्या हातात दिलं.

"मी परत येते," त्या म्हणाल्या. "फक्त या खेपेला तू आत यायचं नाहीस."

पेंगू हसली आणि तिला रडूही आलं, दोन्ही एकदम. काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. सगळं बाईच्या हातून निसटलं होतं, तरी धीर देत होती तीच.

तीन महिन्यांनी काकू पुन्हा भुयारात गेल्या. या वेळी ड्युट्या संगणकानंच ठरवल्या, आणि गजर मॅडम स्वतः रोज तपासायच्या. आत फक्त पुरुष विद्यार्थी पाठवायचे, असं लंबूनं सुचवलं. तेवढ्यानं भागणार नाही, कुणाला ओरखडा, कुणाला खोकला, असं काही दिसलं की या बाई त्याच्या पाठी लागतील, असं मॅडम म्हणाल्या आणि सगळ्यांची तब्येत बघूनच आत सोडू लागल्या. पेंगू बाहेरच्या खोलीत पडद्यासमोर बसायची. ढब्बू आता भात चिवडायला लागली होती, त्यामुळे आईलाही घाई नव्हती. पहिले दोन-तीन दिवस काकू जुन्या धसक्यानं उठल्या. मग कधीतरी, आपल्याला आता कुणी बोलावत नाही, हे त्यांच्या अंगाला कळलं असावं. पट्टी एक पायरी सरकली. मग दुसरी. मग तर अशी भरभर की लंबू म्हणाला, ही बाई धावतेय. इतका तिरपा जिना विभागात फार थोड्या जणांचा निघाला होता. पेंगू रोज नवी पट्टी काढायची आणि तिच्या छातीत काहीतरी हलायचं, मात्र या वेळी ते दूध नव्हतं.

या वेळचा कागद घेऊन ती काकूंकडे गेली तेव्हा त्यांनी चहाही टाकला नाही, आधी सांग म्हणाल्या. पेंगूनं जिना दाखवला. सांगितलं, तुमचं घड्याळ पुष्कळ रेंगाळत चालतं काकू. मोकळं सोडलं तर तुम्ही उशिरा झोपणाऱ्या आणि उशिरा उठणाऱ्या. अगदी पक्क्या. अशा माणसाला पहाटे उठवणं म्हणजे बाकीच्यांना मध्यरात्री उठवण्यासारखं आहे.

काकूंनी कागदावर बोट ठेवलं आणि पायऱ्यांवरून खाली खाली नेलं.

"मला रोज उठताना जिवावर यायचं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पन्नास वर्षं. एक दिवस असा नाही की आलं नाही. कुणाला बोलले नाही मी. मला वाटायचं, मी मेली मुळातच आळशी, मनातून चोर. सगळ्या बायका उठतात, हिलाच काय होतं." त्यांनी मान वर केली. "आळस नव्हता तो?"

"नाही काकू. आळशी बाई पन्नास वर्षं उठेल का?"

काकू रडल्या. तोंडावर हात धरून, हसताना धरायच्या तसाच. पेंगू त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि या वेळी पाठीवरून हात फिरवायचं काम तिनं केलं. बऱ्याच वेळानं डोळे पुसून काकूंनी विचारलं की मग आता मी काय करायचं. पेंगू म्हणाली, काही नाही, झोप आली की झोपायचं आणि जाग आली की उठायचं. असं कसं, काकू म्हणाल्या, लोक काय म्हणतील. पण कागद त्यांनी घडी करून उशीखाली ठेवला.

महिन्याभरानं प्रबंध बांधायला जायचा होता आणि काकूंच्या परवानगीची एक सही राहून गेली होती. पेंगूनं सकाळी विभागात पोचल्या पोचल्या फोन लावला. घंटा वाजत राहिली, वाजत राहिली. तिला काळजी वाटायला लागली, एकटी बाई, फोन उचलत नाही म्हणजे काय. तिनं परत लावला. पुन्हा तेच. ती पर्स घेऊन उठणार एवढ्यात पलीकडे खुडबूड झाली आणि काकूंचा आवाज आला, घोगरा, जड, झोपेनं भरलेला.

"कोण?" आणि मग ओळख पटल्यावर चिडून, मनापासून चिडून, "उठवलंस ना मला. काय गं हे. माणसाला झोपू देत नाहीत."

पेंगूनं माफी मागितली. झोपा काकू, म्हणाली, मी दुपारी करते. पलीकडे फोन आदळला. एवढा ओरडा खाऊन एवढं बरं तिला जन्मात कधी वाटलं नव्हतं.